इंजिन कशानं गेलं?

वापरलेली स्पीडबोट बघायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग गाद्या, मग डॅशबोर्डवरचे गोल काटे. इंजिनावरचं झाकण सगळ्यात शेवटी उघडतं, तेही विकणाऱ्याच्या हातानं आणि घाईघाईत. आत दोन व्ही-एट इंजिनं शेजारीशेजारी ताज्या काळ्या रंगात चकाकताना दिसली की गिऱ्हाईक निम्मं पटलेलंच असतं. मला मात्र जुन्या इंजिनाला नुकताच मारलेला रंग दिसला की वाटतं, याच्याखाली काय झाकलंय ते आधी बघावं.

ही सवय लागली कोल्हापुरात. शिवाजी उद्यमनगरात आमच्या आबांचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं छोटं वर्कशॉप होतं. ऊसपट्ट्यातली ऑइल इंजिनं, ट्रकची, ट्रॅक्टरची इंजिनं तिथं यायची. गिऱ्हाईक दारातूनच सांगायचं, "हाफ इंजिन करायचंय, रिंगा-बेअरिंग टाका." आबा लगेच हो म्हणायचे नाहीत. संपातलं ऑइल दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे आणि विचारायचे, "बसलं कशानं? तापलं, का ऑइल आटलं, का पाणी शिरलं?" गिऱ्हाइकाला घाई असायची, पाण्याची पाळी असायची, ऊस वाळत असायचा. आबा म्हणायचे, "कशानं बसलं ते आधी हुडका. न्हाईतर मी नवं करून देतो आणि तुम्ही त्याच रोगानं पुन्हा मारताय." ते तेव्हा मला चिकटपणाचं वाटायचं. आता डेट्रॉइटला इंजिनाच्या चाचणी विभागात नोकरी करून उरलेल्या वेळात बोटीची इंजिनं उघडतो, तेव्हा पटतं की या धंद्यातलं निम्मं शहाणपण त्या एका प्रश्नात होतं.

डेट्रॉइट मोटारींचं शहर म्हणून जगाला माहीत आहे. इथल्या मोटारवाल्यांचं दुसरं वेड पाण्यावरचं. शहराच्या ईशान्येला लेक सेंट क्लेअर हे उथळ, पसरट सरोवर आहे आणि त्याच्या उत्तरेच्या टोकाला अल्गोनॅक हे गाव. क्रिस स्मिथ यांच्या क्रिस-क्राफ्ट बोटी याच गावातल्या. गार वुड इथेच शर्यतीच्या बोटी बांधून घ्यायचा. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची लिबर्टी इंजिनं स्वस्तात विकायला निघाली. त्यानं ती घेतली, पाण्यात चालतील अशी करून बोटीत बसवली आणि 1920 साली हार्म्सवर्थ करंडक इंग्लंडहून जिंकून आणला. 1932 साली त्याच्या 'मिस अमेरिका टेन'नं चार पॅकार्ड इंजिनांच्या जोरावर ताशी 124 मैलांचा वेग गाठला. पुढे 1960 नंतर या खेळाचं केंद्र दक्षिणेला मायामीत गेलं. रे हंट यांनी आखलेल्या खोल 'व्ही' आकाराच्या तळामुळे खवळलेल्या समुद्रातही वेग टिकवता येऊ लागला. डॉन ॲरोनॉव्ह यांनी तिथं फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट अशा एकामागून एक कंपन्या काढल्या.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट बदलली नाही. इंजिन बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्या कामासाठी घडवलेलं असायचं, आधी विमानाचं, मग मोटारीचं. मी घेतलेल्या जुन्या स्पीडबोटीतली मर्क्रूझर 454 मॅग्नम इंजिनंही मुळात शेवरलेचा 'बिग ब्लॉक'. 454 घन इंच, म्हणजे 7.4 लिटर. ओतकाम आणि मूळ बांधणी जनरल मोटर्सची, ट्रकच्या आणि मोठ्या मोटारींच्या घराण्यातली. त्यावर बोटीचे मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप, कार्ब्युरेटर चढवले की ते मरीन इंजिन झालं. मूळ ब्लॉक दणकट असतो. बिघाड बहुतेकदा जमीन आणि पाणी यांच्या या जोडावरच उगवतो.

ही बोट मी पुण्याच्या एका मित्राबरोबर भागीदारीत घेतली. तोही मोटार कंपनीत, गिअरबॉक्सवाला. 31 फूट लांब, 1989 ची, दोन इंजिनं, प्रत्येकी साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. आयुष्याचा बराच काळ फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यात काढून मग मिशिगनला आलेली. उजवं इंजिन सुरू व्हायचं, पण धूर मारायचं. डावं फिरतच नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं, "स्टार्टर गेलाय, बाकी काही नाही." आम्ही तो दावा बाजूला ठेवला आणि दोन्ही इंजिनं पूर्ण उघडावी लागतील असं धरूनच भाव केला. बोटीबरोबर प्लास्टिकच्या फाईलमध्ये जुन्या पावत्या मिळाल्या. माझ्या मते त्या फाईलची किंमत एका इंजिनाइतकी होती.

मोटारीचं इंजिन करणाऱ्या माणसाला बोटीचं इंजिन समजायला थोडा वेळ लागतो, कारण त्याची सगळी गृहीतकं रस्त्यावरची असतात. ताशी साठ मैलांनी सपाट रस्त्यावर जाणाऱ्या मोटारीला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात. उतार येतो, सिग्नल येतो, पाय उचलला जातो, इंजिनाला उसंत मिळते. बोटीला उतार नसतो. थ्रॉटल मागे घेतला की नाक वर होऊन ती पाण्यात बसते. पाण्यावर तरंगत धावायचं तर इंजिनानं सतत ढकलत राहायला हवं. पंचगंगेच्या काठावर उपशाचं इंजिन रात्रभर एका दमात एकाच भारावर चालतं, तसंच हे. म्हणून मोटारीत लाख मैल खपून गेला असता असा छोटा दोष बोटीत एका उन्हाळ्यात पिस्टन फोडतो.

दुसरा फरक थंडाव्याचा. आमच्यासारख्या बोटीत रेडिएटर नाही. सरोवराचं पाणी पंपानं उचलायचं, ब्लॉकमधून फिरवायचं आणि एक्झॉस्टच्या धुराबरोबर मागून बाहेर टाकायचं. मोटारीचं इंजिन नव्वद अंश सेल्सियसच्या आसपास चालतं. इथं थर्मोस्टॅट साठ-बासष्ट अंशांचा असतो, कारण त्याहून जास्त तापमानात खाऱ्या पाण्यातले क्षार आत बसायला लागतात. सिलिंडरची भिंत बाहेरून थंड आणि आत पिस्टन मात्र पूर्ण भारावर तापलेला. या तफावतीवर पुढचं बरंच काही ठरतं.

डावं इंजिन आधी बाहेर काढलं. डिपस्टिकवर ऑइल पांढरट, फेसाळ. मित्र म्हणाला, "हेड गास्केट गेलंय, दुसरं काय!" कुणीही आधी तेच म्हणेल. स्पार्क प्लग काढले, सिलिंडरांत गंज सोडवणारं तेल ओतून ठेवलं आणि हेड उतरवली. गास्केट नीट पाहिलं. प्रत्येक सिलिंडरभोवतीचं पोलादी कडं शाबूत होतं, कुठंही पाण्याची वाट उमटलेली नव्हती. मग सातवा सिलिंडर पाहिला. पिस्टन जिथं थांबला होता तिथं भिंतीवर गंजाचं गोल कडं. त्याच सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह काढला, त्याच्या दांड्यावर नेहमीची काजळी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढला, तर दांडा आणि मागची पोकळी लालभडक. पाणी वरून किंवा गास्केटमधून आलं असतं तर दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच दिसले असते. इथं पाणी धुराच्या दारानं उलटं आत आलं होतं.

बोटीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर रायझर नावाचा ओतीव लोखंडाचा वळलेला भाग असतो. त्याला दुहेरी भिंत असते, आतून धूर जातो आणि भोवतीच्या पोकळीतून पाणी. दोघांची गाठ रायझरच्या पुढे पडावी आणि ते एकत्र मागे बाहेर जावेत, अशी रचना. आम्ही तो रायझर बँडसॉवर उभा कापला. बाहेरची भिंत, जिच्यावर तो चकचकीत काळा रंग होता, चांगली जाड. आतली, धूर आणि पाणी यांच्यामधली भिंत थराथरानं सुटत होती. एके ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज आरपार गेलं. इंजिन बंद केल्यावर साचलेलं पाणी त्या भोकातून मॅनिफोल्डमध्ये उतरलं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता त्यात शिरलं. पिस्टनवर पाणी साचलं, पाणी काही दाबलं जात नाही, आणि इंजिन जागीच अडकलं. खाऱ्या पाण्यात हे रायझर आणि मॅनिफोल्ड पाच-सहा वर्षांनी बदलायचे असतात. आमच्या फाईलमध्ये स्टीरिओची पावती होती, गाद्यांची होती, रंगाची होती. मॅनिफोल्डची एकही नव्हती.

समजा आम्ही गास्केट, रिंगा, बेअरिंग टाकून इंजिन जोडलं असतं आणि तेच रायझर पुन्हा चढवले असते, तर ते पहिल्याच महिन्यात परत अडकलं असतं. बाजारात अशी 'नुकतीच बांधलेली' इंजिनं पुष्कळ फिरतात. ती खरंच बांधलेली असतात. फक्त गेली कशानं, हे कुणी विचारलेलं नसतं.

उजव्या इंजिनाचा आजार वेगळा निघाला. सहा सिलिंडरांत कॉम्प्रेशन दीडशे पीएसआयच्या आसपास, सहाव्यात आणि आठव्यात शंभराच्या खाली. त्या दोघांत हवा भरली की ऑइल टाकायच्या तोंडातून फुसफुस ऐकू यायची, म्हणजे गळती रिंगांमधून. पण रिंगा झिजायच्या तर आठही सिलिंडरांत झिजतील, दोनच का? उत्तर स्पार्क प्लगवर होतं. पोर्सेलीनवर बारीक चंदेरी-काळे ठिपके होते. भिंगाखाली पाहिलं तर ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनचाच चुरा. पिस्टन बाहेर आले तेव्हा दोन रिंगांमधली भिंत तुकडे होऊन सुटलेली. हे डिटोनेशनचं काम. पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेनं शिस्तीत जळण्याऐवजी एका कोपऱ्यात आपोआप भडकतं आणि पिस्टनच्या माथ्यावर घणाचे घाव पडायला लागतात.

मग डिटोनेशन कशानं? इथं फाईल कामाला आली. प्रॉपेलर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची पावती होती, दोन्ही प्रॉपेलर बदलून पिच दोन इंचांनी वाढवल्याची. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे जाईल ते. मोठं पिच म्हणजे जास्त वेग, असं ऐकायला बरं वाटतं. पण पिच एक इंच वाढलं की पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे साधारण दीडशे ते दोनशे फेरे कमी होतात. या इंजिनानं पूर्ण थ्रॉटलवर 4600 ते 5000 फेऱ्यांच्या दरम्यान पोचायला हवं. दोन इंचांनी ते त्याखाली दबलं. वरच्या गिअरमध्ये घाट चढायला लावलेल्या ट्रकला जे होतं तेच इथं झालं, आणि ते दर शनिवार-रविवार.

तरीही एक प्रश्न उरत होता. प्रॉपेलर दोन्ही बाजूंना सारखेच, मग डाव्या इंजिनाचे पिस्टन का वाचले? प्रत्येक इंजिनाला स्वतःची टाकी होती. टाकीच्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवर बसवलेली छोटी गोळी. नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीच्या तळाशी वाहून जाऊ नये म्हणून. बिनवापराच्या हिवाळ्यांत उजव्या टाकीच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा राळेसारखा थर चढला होता आणि गोळी अर्धीच उघडत होती. हळू चालताना पुरेसं पेट्रोल यायचं, पूर्ण थ्रॉटलवर कमी पडायचं. मिश्रणात पेट्रोल कमी, त्यात प्रॉपेलरचं जादा ओझं, दोन्ही एकाच वेळी. व्हॉल्व्ह बोटाच्या पेराएवढा, किमतीला किरकोळ. त्यानं मोठ्या इंजिनाचा जीव घेतला.

ही सगळी शोधाशोध होईपर्यंत आम्ही एकही नवा सुटा भाग मागवला नव्हता. मित्र वैतागला होता. "अरे, इंजिन बांधायला घेतलंय की पोस्टमॉर्टेमला?" मी म्हटलं, "आधी पोस्टमॉर्टेम." कोल्हापूरला व्हिडिओवर आबांना पिस्टन दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कळलं न्हवं कशानं गेलं? मग आता खुशाल खर्च कर."

ब्लॉक डेट्रॉइटजवळच्या एका जुन्या मशीन शॉपमध्ये नेले. मालक सत्तरी ओलांडलेला, पोलिश वंशाचा, कमी बोलणारा. आधी चुंबकीय तपासणी करून तडे नाहीत याची खात्री केली. मिशिगनमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेला ब्लॉक आतून फुटलेला निघू शकतो. सातव्या सिलिंडरचे गंजाचे खड्डे तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर वाढवल्यावर साफ निघाले, स्लीव्ह टाकावी लागली नाही. मग दोन्ही ब्लॉक तीस थाऊवरच नेले, 4.250 इंचांचे 4.280. हेड बसवल्यावर ब्लॉक थोडा ताणला जातो, म्हणून होनिंग करताना वर हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट बोल्टांनी आवळून घेतात. ती पद्धत त्यानं मला न विचारताच वापरली, आणि माणूस बरोबर निवडल्याचं मला तिथंच कळलं.

आमचा एकच वाद झाला, पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीवरून. नोकरीत मी जी इंजिनं तपासतो त्यांत ही फट दोन थाऊच्या आत ठेवायची धडपड असते. मी तसा आकडा कागदावर लिहून दिला. त्यानं कागद बघितला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"हा पिस्टन फोर्ज्ड आहे. तापला की जास्त फुगतो."

"तरी साडेचार थाऊ फार होतात. थंड असताना वाजेल."

"वाजू दे. बाहेरून सरोवराचं गार पाणी, सिलिंडर आहे तेवढाच राहणार. आत पिस्टन फुगणार. तुझ्या मोटारीत दोघं एकत्र तापतात. इथं नाही."

साडेचार थाऊ ठरले. सकाळी इंजिन सुरू केलं की पहिली काही मिनिटं पिस्टन किंचित खडखडतो, गरम झाला की शांत होतो.

रिंगांचं काम मी स्वतः केलं. हे काम मला सगळ्यात आवडतं. रिंग ज्या सिलिंडरमध्ये जायची त्याच सिलिंडरमध्ये आधी नुसती ठेवायची, पिस्टन उलटा करून ती खाली ढकलून सरळ बसवायची, दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजायची. कमी असेल तर बाहेर काढून हातानं फिरवायच्या छोट्या ग्राइंडरवर एक टोक दोन-चार वेळा घासायचं, बारीक कानसेनं कड मोडायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा मोजायची. वरच्या रिंगेला वीस थाऊच्या आसपास फट हवी. ती कमी पडली तर भारावर रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची भिंत उपटून काढतात. इथं घाई करता येत नाही आणि कुणी मदतही करू शकत नाही. रेडिओ लावायचा आणि एकेक रिंग संपवायची.

मित्राला आणखी ताकद हवी होती. "एवढं उघडलंच आहे तर मोठी कॅम टाकू." मोटारीच्या दुनियेत हा विचार चालतो. बोटीत अडचण येते. जोरदार कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. इंजिन हळू फिरत असताना त्या क्षणी एक्झॉस्टमधला धूर थोडा उलटा आत ओढला जातो. मोटारीत नुसता धूर येतो. बोटीत रायझरच्या पुढे पाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे पाण्याचे तुषारही येतात. म्हणजे नवे रायझर टाकूनही धक्क्यावर दहा मिनिटं हळू चालवताना आपल्याच हातानं सिलिंडरमध्ये पाणी पाजायचं. हे कागदावर काढून दाखवल्यावर तो हसला आणि मूळ कॅमला तयार झाला.

जोडताना वरवर किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंवर आम्ही जास्त काळजी घेतली. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेवरच्या टोप्या पोलादी न घालता पितळी घातल्या. हेडचे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, म्हणून त्यांच्या आट्यांना सीलंट लावला. स्टार्टर आणि अल्टरनेटर मरीनचेच घेतले. मोटारीच्या दुकानात हुबेहूब तसाच स्टार्टर बऱ्याच कमी किमतीत मिळतो, बसतोही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. मोटारीखाली ती वाऱ्यावर उडून जाते, इथं जायला जागाच नसते. मरीन स्टार्टरची रचना अशी असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही. याच कारणानं किल्ली फिरवण्याआधी तळातली हवा ओढणारा पंखा चार मिनिटं चालवायचा नियम आहे. बोटींना लागणाऱ्या आगींमागे पुष्कळदा कुणीतरी वाचवलेले थोडे पैसे किंवा ही चार मिनिटं असतात.

इंजिनं बोटीत उतरवण्याआधी घोडीवर बसवून, पिंपातल्या पाण्याचा पुरवठा देऊन चालवली. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटवाल्या कॅमला पहिली वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवावं लागतं. सुरुवातीलाच हळू सोडलं तर कॅमवर पुरेसं ऑइल उडत नाही आणि ती तिथंच झिजते. मग क्रेननं बोटीत. शेवटचं काम अलाइनमेंटचं. मागचा ड्राइव्ह काढलेला असतो. मागून एक लांब, गुळगुळीत पोलादी दांडा जिम्बल बेअरिंगमधून सरकवत इंजिनाच्या कपलरच्या खाचांत घालायचा. तो नुसत्या दोन बोटांनी आत जायला हवा आणि तसाच बाहेर यायला हवा. अडकला तर पुढच्या माउंटचे नट थोडे फिरवायचे, दांडा पुन्हा घालायचा. दांड्याला ग्रीस लावून घातला की कुठल्या बाजूचं ग्रीस पुसलं गेलं त्यावरून इंजिन वर हवं की खाली ते कळतं. हातोड्यानं दांडा ठोकणारे लोकही मी पाहिलेत. त्यांच्या कपलरच्या खाचा एका मोसमात सपाट होतात.

पाण्यावर पहिल्यांदा नेली तेव्हा वेग बघितलाच नाही. हळू चालवायची, थांबायचं, झाकण उघडायचं, चारही रायझरवर हात ठेवून कुठला जास्त तापलाय ते बघायचं, डिपस्टिक बघायची, पुन्हा निघायचं. प्रॉपेलरचं पिच मूळच्या आकड्यावर आणलं होतं. इंजिनं रुळल्यावर एका शांत सकाळी थ्रॉटल पूर्ण पुढे केला. दोन्ही काटे 4800 वर जाऊन स्थिर झाले आणि बोटीनं ताशी साठ मैलांची रेघ ओलांडली. मित्र वेगाच्या काट्याकडे बघून ओरडत होता. मी फेऱ्यांच्या काट्यांवरची नजर काढली नाही. दोन्ही सारखे होते, तेवढं मला पुरे होतं.

आता हिशेबाचं. दोन इंजिनं, नवे मॅनिफोल्ड आणि रायझर, मशीन शॉप, ड्राइव्हची रबरी बेलोज, प्रॉपेलर, हे सगळं धरलं तर आम्ही घातलेल्या पैशात आधीच नीट ठेवलेली तशीच बोट मिळाली असती. अशी कामं करून कुणी श्रीमंत होत नाही. मी ती करतो, कारण नोकरीत मला इंजिनाचा एखादाच भाग, एखादाच आलेख दिसतो. इथं अख्खं इंजिन हातात येतं आणि ते का मेलं ते स्वतः शोधून काढता येतं.

तुम्ही कुणी अशी बोट घ्यायचा विचार करत असाल, अमेरिकेत किंवा मांडवा-मालवणच्या खाऱ्या पाण्यात, तर थोडं सांगून ठेवतो. रंगावर जाऊ नका. इंजिन गार असताना बघायला जा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर परत या. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मॅनिफोल्ड-रायझर कधी बदलले याची पावती मागा आणि पावती नसेल तर ते गेलेत असं धरून भाव करा. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किती फेऱ्यांवर जातं ते स्वतः बघा. खाऱ्या पाण्यात चालवत असाल तर दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं इंजिन धुवा. आणि कुणी "नुकतंच इंजिन बांधलंय" असं सांगितलं, तर कुणी बांधलं हे नंतर विचारा. आधीचं कशानं गेलं होतं, ते पहिलं विचारा. याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याची बोट घेऊ नका.